एका माणसापुरती जागा

कतारला आलेल्या माणसाचं वजन वाढतं. याला अपवाद मी तरी पाहिला नव्हता. सडपातळ माणूस विमानातून उतरतो, उन्हामुळे त्याचं पायी चालणं सुटतं, घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात आणि ऑफिसातून मॉलमध्ये एवढीच हालचाल उरते, आणि पहिल्या सुट्टीला घरी गेला की आई कौतुकाने म्हणते, "मानवलंय हो तिकडचं!" आमच्या ह्यांना तर इतकं मानवलं की लग्नातला कोट आता मुंजीतला वाटतो. त्यामुळे आमच्या शेजारच्या परकारभाईंचं वजन उतरायला लागलं तेव्हा सगळ्या ओळखीच्या मंडळींना तो पराक्रमच वाटला. माणसं त्यांना रस्त्यात थांबवून पोटाला हात लावून बघायची. आणि परकारभाई, एरवी लाजाळू माणूस, हसत हसत पोट आत ओढून दाखवायचे.

वजन त्यांना उतरवायचंच होतं, पण तब्येतीसाठी नाही. हेलिकॉप्टरसाठी.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते, म्हणून नीट सांगते.

दोह्याच्या अल हिलाल भागातली आमची व्हिला म्हणजे बाहेरून एक बंगला आणि आत पाच-सहा बिऱ्हाडं. मधे प्लायवूडच्या भिंती. आमच्या भिंतीपलीकडे इब्राहिम परकार आणि त्यांची बायको झुबेदाआपा राहायचे. परकारभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. ऐन तारुण्यात दोह्याला आले आणि तेव्हापासून एकाच कंपनीत हिशेब सांभाळत होते. एकुलती मुलगी लग्न होऊन चिपळूणला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि खुर्चीत बसायची एक खास तऱ्हा: कडेवर, हात मांडीवर, कोपरं अंगाशी घट्ट. घरात चार खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तसंच.

"मोकळे बसा की हो परकारभाई," मी एकदा म्हटलं.

"सवय गेली, मेधाबाई. आधी नजमा भागात एका खोलीत आठ जण राहायचो. कोपर बाहेर काढलं की दुसऱ्याच्या ताटात जायचं." मग भिंतीकडे बोट दाखवून, "त्याच्या आधी घरात एकत्र कुटुंब. आता इथं तुमचे साहेब शिंकले की आमी पलीकडून अल्हमदुलिल्लाह बोलतो. खरं सांगू? आयुष्यात मी एकटा असलो तो फक्त मोरीत. आणि तिथं पण बाहेरून कोण तरी दार वाजवत असायचा."

हे ते हसत बोलले. पण ते बोलणं मी विसरले नाही, कारण त्यांच्या हेलिकॉप्टरच्या वेडाचं दुसरं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

त्यांच्या कंपनीचा मालक अबू नासिर. मासेमारीचं सामान विकणं हा त्याचा वडिलोपार्जित धंदा: जाळी, दोर, होड्यांची इंजिनं. माणूस दिलदार, हौशी आणि आडवातिडवा वाढलेला. ससाणे पाळून झाले, वाळूत गाड्या पळवून झाल्या, मग त्याने कुठूनसं सुट्या भागांत येणारं छोटं हेलिकॉप्टर मागवलं. एकच सीट. हौसेने उडवायचं, कामाचं काही नाही. उत्तरेला अल रुवैस बंदराच्या अलीकडे त्याचा मजरा आहे, म्हणजे खजुराची झाडं, बकऱ्या आणि शुक्रवारी मित्र जमवायला बैठकीची जागा. तिथल्या शेडमध्ये रॉय नावाच्या फिलिपिनो माणसाने ते जोडलं. रॉयने उमेदीत मोठी हेलिकॉप्टरं उडवली होती आणि दुरुस्तही केली होती. बोलायचा कमी. यंत्र जोडून झाल्यावर त्याने एक वजनकाटा आणून जमिनीवर ठेवला आणि अबू नासिरला त्यावर उभं केलं.

त्या यंत्राला जेवढा माणूस झेपतो त्याच्या हा गृहस्थ पार बाहेर होता.

यातली गंमत अशी की मागवण्याआधी माहितीपत्रक वाचायचं काम त्याने परकारभाईंनाच दिलं होतं. परकारभाईंना छापील कागद शेवटपर्यंत वाचायचा विकारच होता. औषधाच्या डबीतला चिठोरा, मिक्सरचं पुस्तक, खोक्याच्या तळाची बारीक अक्षरं, काही सोडायचे नाहीत. वजनाची मर्यादा त्यांनी पिवळ्या पेनने रंगवून मालकाच्या टेबलावर ठेवली होती. पण इतक्या वर्षांच्या अन्नदात्याला 'तुम्ही यात मावत नाही' असं तोंडावर सांगायचं कुणी? कागद तिथेच पडून राहिला आणि हेलिकॉप्टर आलं.

अबू नासिरने ते मनाला लावून घेतलं नाही. तो त्याच्या अरबी वळणाच्या हिंदीत म्हणाला, "परकार, तुम उडाओ. हम नीचे से देखेगा." आणि बोलून थांबला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या हिशेबनिसाला त्याने परदेशी पाठवलं, दोन सीटच्या हेलिकॉप्टरवर रीतसर शिकवून, लायसन हातात आल्यावरच परत आणवलं. इथल्या परवानग्याही मिळवल्या: हिवाळ्यातल्या सकाळी, मजऱ्यावर आणि तिथून रुवैसच्या बंदरापर्यंत किनाऱ्याच्या पट्ट्यावर. त्यापलीकडे नाही.

तेवढ्या पट्ट्यावर परकारभाईंचा जीव जडला. मजऱ्यावरून निघायचं, किनाऱ्याने बंदरापर्यंत जायचं, पाण्यावर थोडं थांबायचं आणि परत यायचं. एक फेरी. ती एकट्याने करायची, बस्स, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि आडवा आला रॉयचा काटा. इथल्या हवेत ऊन चढलं की हवा पातळ होते, पंख्याला पकड मिळत नाही, इंजिनही दमतं. म्हणून रॉयने पुस्तकातली मर्यादा आणखी खाली ओढली आणि परकारभाई, जे मालकासमोर काडी दिसायचे, तेही बाहेर पडले.

मग सुरू झालं डाएट. त्याचं पुस्तकही त्यांनी पहिल्या पानापासून वाचलं. रोज संध्याकाळी आपा कांदा चिरायला बसल्या की हे समोर बसून एक तर डाएटचं नाही तर हेलिकॉप्टरचं पुस्तक मराठी करून वाचून दाखवायचे. प्लायवूडच्या भिंतीमुळे आमचाही अभ्यास आपोआप व्हायचा.

"झुबेदा, ऐक. मोठा पंखा वर ढकलतो, पण त्याच्यामुळं अख्खा डबा उलटा फिरायला लागतो. म्हणून शेपटीला बारका पंखा."

"आणि तो बारका बंद पडला तर?"

"तर गरगर फिरत खाली."

"शाबास. म्हणजे नाकतोड्यावर बसायचा आणि भोवरा होऊन यायचा." आपा त्या यंत्राला नाकतोडाच म्हणायच्या. "आणि सीट एकच? मग मी कुठं बसू?"

"तुना नाय बसायचा."

"अख्खा जन्म मना घेतल्याशिवाय बाजारात गेला नाय हा माणूस," आपा भिंतीतून आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आणि आता आभाळात एकटा जाणार!"

पहिली दोन वर्षं त्या डाएटला यश म्हणून आलं नाही. आपा घरी तेलाचा थेंब मोजून घालायच्या आणि परकारभाई ऑफिसखालच्या कॅफेटेरियात कडक चहा आणि अंडा-पराठा हाणायचे. अख्ख्या दोह्याला ठाऊक होतं, आपांनाही. शुक्रवारी रॉयच्या काट्यावर चढताना हे बूट काढायचे, पाकीट काढायचे, एकदा तर घड्याळसुद्धा काढलं. रॉय शांतपणे ते घड्याळ परत त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "सर, यू विल फ्लाय विदाउट वॉच?"

तरी थंडीच्या अगदी गार सकाळी, टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून, रॉय त्यांना जमिनीलगत सराव करू द्यायचा. अशाच एका शुक्रवारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. वजनाची अडचण नसती तरी तिथे मला उडावंसं वाटलं नसतं. ते यंत्र म्हणजे खुर्ची, तिच्यापुढे एक काचेचं टमरेल, मागे इंजिन आणि वर पंखा; चालवायला डाव्या हाताशी एक दांडा, गुडघ्यांच्या मधे दुसरा आणि पायाशी दोन पट्ट्या. आमच्या सांगलीच्या ऊसगाडीला याहून जास्त लोखंड असेल. परकारभाईंनी नारिंगी हेल्मेट घातलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि पंखा फिरायला लागला.

ते वर गेले. किती, तर माणसाच्या उंचीएवढे. आणि तिथे थांबायचा प्रयत्न सुरू झाला. यंत्र डावीकडे सरकायचं, सावरायचं, मग मागे, मग तिरकं. खाली आम्ही चौघं आणि चौघांच्याही हातात काही नाही. गाडी शिकवताना शेजारी बसून ब्रेक तरी दाबता येतो. इथे गुरूला बसायला जागाच नव्हती. रॉय कानाला लावलेल्या यंत्रात फक्त एवढंच म्हणत होता, "स्मॉल, सर. स्मॉल. स्मॉलर." अबू नासिर "शुवै शुवै", म्हणजे हळू हळू, करत जागच्या जागी तोल सांभाळत होता, जणू तोच वर आहे. आपा गाडीत, काचा वर, पाठ इकडे, बोटांत तसबीहची माळ. मला तोपर्यंत सगळी थट्टाच वाटत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी आमच्या ह्यांचा दंड घट्ट धरला.

दूध उतू जायला लागतं तेवढ्या वेळात ते उतरले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चेहरा असा की एखाद्याला नोकरीवरून काढलंय आणि लॉटरीही लागलीय.

"उडतं कुणीही, मेधाबाई," धाप लागलेली असताना ते म्हणाले. "कावळा उडतो. एका जागी उभं राहायला शिकायला दोन हिवाळे गेले."

"काय दिसतं हो वरून?"

"दिसतं काय, बकऱ्या." मग हेल्मेट मांडीवर घेऊन, जरा ओशाळून, "पण कोण बोलत नाय वर. रॉय बोलतो तेवढाच."

त्याच उन्हाळ्यात वजन उतरायला लागलं.

आधी पट्ट्याला एक जादा भोक पाडलं. मग शर्टाची कॉलर मानेपासून सुटली. परकारभाईंनी कॅफेटेरिया खरोखर सोडला होता. आम्हाला वाटलं, झालं, माणसाने मनावर घेतलं. कोकणी मंडळींचं ईदनंतर संमेलन होतं त्यात आम्हालाही आमंत्रण असायचं. मटण-वडे, सांदणं, सगळं ताटात वाढलेलं, आणि हे नुसते समोर बसलेले.

"एक वडा तरी घ्या," कुणीतरी आग्रह केला.

"बघवत पण नाय आता," परकारभाई म्हणाले. "मनावर ताबा आला ना, की असं होतं. खायची इच्छाच मरते."

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी त्यांच्याकडून डाएट लिहून घेतलं. आमच्या ह्यांनी सकाळी उठून लिंबू-पाणी प्यायला सुरुवात केली आणि महिन्याभरात आणखी वाढले. परकारभाई त्या दिवशी खुर्चीत पाठ टेकून बसले होते. मला ते ऐटीत बसल्यासारखे वाटले. पाठ दुखते म्हणून टेकले होते, हे नंतर कळलं. आम्हा सगळ्यांचे डोळे त्यांच्या पोटावर होते, चेहऱ्याकडे कुणी बघितलंच नाही. आणि त्यांना स्वतःला तरी कुठे शंका होती! जे मागितलं ते मिळत होतं. मागितलेलं मिळालं की माणूस ते कुठून आलं हे विचारत नाही.

एकट्या आपांना काहीतरी कळत होतं. एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर त्या आधीच तिथे होत्या, वाळलेल्या चादरीला धरून नुसत्या उभ्या. हवा भट्टीतून आल्यासारखी, आणि त्यांना त्याचं भान नाही.

"मेधा, एक सांगू? त्याला बोलू नको."

"काय झालं आपा?"

"मी त्याच्या भातात तूप घालतंय. रमजानच्या आधीपासून. भाजीत, डाळीत. दूध देते त्यात बदाम वाटून. गुपचूप. माझा नवरा वाळत चालला, मना बघवेना, म्हणून." त्यांनी चादर खाली घेतली, तिची घडी घातली, पुन्हा उलगडली. "एवढं घालतंय तरी उतरतोय गो. मग हा वजन त्यानं उतरवलेला नाय. आपोआप उतरतोय."

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. त्या म्हणाल्या, तोच तर विषय निघत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की हा म्हणतो, माझ्यासारखी तब्येत अख्ख्या कंपनीत कुणाची नाही. उद्या डॉक्टरने काही खुसपट काढलं तर लायसन जाईल, फेरी जाईल. हिवाळा दोन महिन्यांवर आलाय, फेरी झाली की बघू.

मी एकदा प्रयत्न केला. जिन्यात गाठून म्हटलं, "परकारभाई, एकदा तपासून घ्या ना. नुसतं रक्त."

"मेधाबाई," ते म्हणाले, "जाडा होतो तेव्हा कोण बोललं नाय तपासून घे. बारीक झालो तर सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं." आणि हसत, कठड्याला धरून, वर गेले. मी मागोमाग भाजीची पिशवी घेऊन घरात आले आणि आपा भिंतीपलीकडे भांडी घासत होत्या ते ऐकत बसले.

हिवाळा आला. पहिल्या शुक्रवारी ते मजऱ्यावर गेले. काट्यावर या वेळी बूट घालून, घड्याळ घालून, हेल्मेटसुद्धा डोक्यावर ठेवून चढले. केवढ्या थाटात चढले म्हणून सांगू, हा प्रसंग आपा नंतरही हसत सांगायच्या. काटा बघून रॉय उकिडवा बसला. पुन्हा बघितला.

झालं होतं असं की परकारभाई आता दुसऱ्या टोकाने बाहेर पडले होते. त्या यंत्रात जड माणूस चालत नाही तसा फार हलकाही चालत नाही. माणूस पुढे बसतो, इंजिन मागे. पुढचा माणूस हलका झाला की नाक वर उचलतं, तोल जातो. यावर उपाय पुस्तकातच दिलेला असतो: नाकाशी वजन बांधायचं. कंपनीच्या रुवैसच्या दुकानात जाळ्याला बांधायच्या शिशाची काय कमतरता! अबू नासिरने माणूस पाठवून शिसं आणलं. रॉयने ते नीट पट्ट्यांनी पुढे बसवलं. परकारभाई उडाले, मजऱ्यावर लहान लहान फेऱ्या मारल्या, सुरेख उतरले. रॉय म्हणाला, आणखी दोन-तीन शुक्रवार असेच गेले की किनाऱ्याची फेरी. त्या दिवशी ते घरी आले ते भिंतीपलीकडे गुणगुणत होते.

पुढच्या शुक्रवारी काट्याने आणखी शिसं मागितलं. रॉयने बांधलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. रॉयने शिशाचा गोळा हातात घेतला, थोडा वेळ तोलून बघितला आणि परत खोक्यात ठेवला.

"नो फ्लाइंग, सर."

"का? बांध ना. जागा आहे अजून."

"सर, एव्हरी फ्रायडे मोअर लेड." रॉय त्यांच्या डोळ्याला डोळा देईना. "मशीन इज सेम. लेड इज मोअर. फर्स्ट हॉस्पिटल, सर. देन यू कम."

परकारभाई चिडले. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस रॉयवर ओरडला, मग अबू नासिरकडे वळला. मालकाचा शब्द, मालकाचं यंत्र. अबू नासिरने खोक्यातल्या शिशाकडे बघितलं, मग परकारभाईंच्या मनगटाकडे, जिथे घड्याळ बांगडीसारखं फिरत होतं. "यल्ला, परकार," तो म्हणाला. "गाडी में बैठो." आणि स्वतः गाडी चालवत त्यांना मजऱ्यावरून थेट इस्पितळात घेऊन गेला.

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि पसरला होता. डॉक्टर मल्याळी होता, चांगला होता, त्याने घाई केली नाही. परकारभाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि न वाचता घडी करून आपांच्या पर्समध्ये ठेवला. मग विचारलं, "फ्लाइंग?" डॉक्टरला प्रश्न कळायलाच वेळ लागला.

पुढचे दिवस आठवले की अजून माझी चिडचिड होते, आणि कुणावर करायची ते कळत नाही. जो तो आपल्याला येतं ते करत होता. जमातीची माणसं दुवा मागत होती. मी पेज करून पाठवत होते, ती तशीच परत येत होती. अबू नासिरचा आयुष्यभर वशिल्यावर विश्वास. इथे त्याला वास्ता म्हणतात. व्हिसा अडला, कंटेनर अडला, परवानगी अडली, तो जाऊन समोर बसायचा आणि काम करून उठायचा. तसाच तो त्या डॉक्टरसमोर जाऊन बसला. म्हणाला, "इसका काम कर दो. जो बोलो." डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. अबू नासिर बाहेर येऊन इस्पितळाच्या अरुंद खुर्चीत बसला आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरून रडला. एवढा मोठा माणूस असा रडताना मी तरी पाहिला नव्हता. आपा त्याच्यासमोर उभ्या राहून त्याला पाणी देत होत्या. मला म्हणाल्या, "ह्याला कोण तरी घरी पोचवा गो."

ठरलं असं की गावी जायचं. मुलीजवळ. तिकिटं काढली. निघण्याच्या आदल्या दिवशी परकारभाईंनी रॉयला फोन केला. उडू दे असं त्यांनी म्हटलं नाही; ते आता जिनाही उतरू शकत नव्हते. म्हणाले, "तू जाऊन ये. रुवैसपर्यंत. मी किनाऱ्यावर बसतो." रॉयने हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लगेच पुन्हा करून विचारलं, "सर, हाऊ लाँग आय शुड स्टे ओव्हर वॉटर?" परकारभाई म्हणाले, "ॲज यू लाइक." मग म्हणाले, "लिटल लाँग."

गावी गेल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. ते सगळं मला आपांकडून फोनवर तुकड्या-तुकड्याने कळलं. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, रुवैसच्या बंदराजवळ, अबू नासिरच्या मोठ्या गाडीत.

मागच्या सीटवर ते आणि आपा. अंगावर शाल, दार उघडं. मी दाराशी थर्मास घेऊन उभी. अबू नासिर पुढे वाळूत, कपाळावर हात धरून. समुद्रावरून गार वारा येत होता, मासेमारीच्या होड्या धक्क्याला लागून होत्या. आधी आवाज आला, मग खजुरांवरून ते यंत्र दिसलं, किनाऱ्याच्या कडेकडेने. बंदराच्या अलीकडे ते वळून पाण्यावर गेलं आणि थांबलं.

मी परकारभाईंकडे बघितलं. ते थरथरतायत असं मला वाटलं. नीट बघितलं तर तसं नव्हतं. डावा हात सीटच्या कडेला काहीतरी धरून अगदी थोडा वर, थोडा खाली होत होता. उजवी मूठ गुडघ्यांच्या मधे, तीही हलत होती, दिसेल न दिसेल इतपत. पाय आळीपाळीने गाडीतली मॅट दाबत होते. डोळे पाण्यावरच्या त्या ठिपक्यावर. वाऱ्याचा एक झोत आला, शाल उडाली. यंत्र तिकडे एका बाजूला कललं आणि इकडे उजवी मूठ केसभर सरकली. यंत्र सावरलं. मूठ पुन्हा मधे आली.

आपांना ते थंडीनेच वाटलं असावं. त्यांनी शाल नीट केली आणि आपला पंजा त्यांच्या उजव्या मुठीवर ठेवून ती घट्ट धरली.

"हात सोड, झुबेदा," परकारभाई म्हणाले. डोळे हलले नाहीत. "पडंल तो."

आपांनी हात काढून मांडीवर ठेवला. मग आम्ही तिघं तिथे काही न करता, रॉय आणि परकारभाई खाली उतरायची वाट बघत राहिलो.